टार्गेटिंग: शिक्षा सौम्य नको, निर्णय अचूक हवा

१ जानेवारी २०२१ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये, कॉलेज फुटबॉलच्या शुगर बोल सामन्यात क्लेमसन आणि ओहायो स्टेट समोरासमोर होते. दुसऱ्या क्वार्टरमध्ये ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स चेंडू घेऊन धावला. क्लेमसनचा लाइनबॅकर जेम्स स्काल्स्की मान खाली घालून, हेल्मेटचा माथा पुढे करून त्याच्या बरगड्यांवर आदळला. रिप्ले पाहून पंचांनी टार्गेटिंगचा निर्णय दिला आणि स्काल्स्कीला उरलेल्या सामन्यातून बाहेर काढले. वर्षभरापूर्वी, एलएसयूविरुद्धच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यातही तो याच नियमाखाली बाहेर गेला होता.

असा निर्णय झाला की एक प्रश्न हमखास येतो: मार डोक्याला लागलाच नाही, मग टार्गेटिंग कसले? हा प्रश्न विचारणाऱ्यांना नियमाचा अर्धाच भाग ठाऊक असतो. कॉलेज फुटबॉलमध्ये टार्गेटिंग दोन प्रकारचे आहे. पास झेलताना हवेत असलेला रिसीव्हर किंवा नुकताच चेंडू फेकलेला क्वार्टरबॅक यांच्यासारख्या, स्वतःला सावरू न शकणाऱ्या खेळाडूच्या डोक्यावर किंवा मानेवर जोराने आघात करणे हा एक. स्वतःच्या हेल्मेटच्या माथ्याने कुणालाही, शरीरावर कुठेही धडक देणे हा दुसरा. पहिल्यावरची बंदी समोरच्याला वाचवते. दुसऱ्यावरची बंदी धडक देणाऱ्यालाही वाचवते, आणि तिच्याविषयी आपण फार कमी बोलतो.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना एरिक लग्रँड हे नाव नवे नसेल. आपल्यातल्या कितीतरी घरांतली मुले ज्या रटगर्स विद्यापीठात शिकतात, तिथलाच हा खेळाडू. १६ ऑक्टोबर २०१० रोजी आर्मीविरुद्धच्या सामन्यात किकऑफनंतर तो प्रतिस्पर्ध्याला अडवायला धावत गेला आणि धडकेच्या क्षणी त्याचे डोके खाली गेले. मानेचे दोन मणके मोडले आणि मानेखालचे शरीर लुळे पडले. त्याने कोणतेही गैरकृत्य केले नव्हते. तो जिवाच्या आकांताने आपले काम करत होता. डोके खाली गेले की मानेचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो, मणके एका सरळ रेषेत येतात आणि धडकेचा सारा भार त्यांच्यावर पडतो. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण मानेला ते वाचवू शकत नाही.

हे ज्ञान आजचे नाही. डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी मानेच्या दुखापतींची देशभरातून नोंद ठेवली आणि कारण शोधून काढले. १९७६ मध्ये शालेय आणि कॉलेज फुटबॉलमध्ये डोके पुढे करून टॅकल करण्यावर बंदी आली. त्या हंगामात ३४ खेळाडूंचे हातपाय कायमचे लुळे पडले होते. १९८४ च्या हंगामात ती संख्या ५ वर आली. मुले पूर्वीइतक्याच जोमाने खेळत होती. बदलली होती ती टॅकल करण्याची पद्धत, आणि ती नियमाने बदलवली होती.

मग नुसता फाउल पुरे नाही का, खेळाडूला बाहेर का काढायचे? याचे उत्तर २००८ ते २०१२ या काळात मिळते. त्या वर्षांत टार्गेटिंगला १५ यार्डांचा दंड होता. १५ यार्ड संघ भरून काढतो, आणि रिसीव्हरला आडवे करणारी धडक जर सामन्याचा नूर पालटत असेल, तर तो सौदा काही प्रशिक्षकांना परवडतो. २०१३ पासून दंडाबरोबर हकालपट्टी आली. पहिल्या हाफमध्ये गुन्हा घडला तर उरलेला सामना बंद. दुसऱ्या हाफमध्ये घडला तर पुढच्या सामन्याचा पहिला हाफही बंद, असे तेव्हा ठरले. बारा सामन्यांच्या हंगामात मैदानावरची मिनिटे हीच खेळाडूची खरी कमाई असते. ती गमावण्याची भीती खेळाडूला असते, तशीच आपला उत्तम बचावपटू गमावण्याची प्रशिक्षकालाही असते. म्हणूनच सराव बदलतो. ओहायो स्टेटने २०१४ मध्ये रग्बीच्या धर्तीवर खांद्याने टॅकल करण्याचे तंत्र शिकवले आणि त्याच हंगामात राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. डोके बाजूला ठेवूनही जिंकता येते, याला आणखी कोणता पुरावा हवा?

विरोधकांचा सर्वांत मोठा आक्षेप हेतूविषयी आहे. मुलगा कुणाला इजा करायला निघालेला नसतो, सगळे अर्ध्या सेकंदात घडते, चेंडूवाला ऐनवेळी वाकतो, मग त्याला गुन्हेगारासारखे बाहेर का पाठवायचे? या आक्षेपातली वेदना खरी आहे. पण आपल्या क्रिकेटचा नियम आठवा. टप्पा न पडता कमरेच्या वर येणारा चेंडू नो-बॉल असतोच, आणि तो धोकादायक असेल तर एका ताकिदीनंतर दुसऱ्या वेळी गोलंदाजाला त्या डावात पुन्हा गोलंदाजी करता येत नाही. चेंडू मुद्दाम टाकला नव्हता, घामाने निसटला, एवढ्याने गोलंदाजाची सुटका होत नाही. धोका ठरवताना फलंदाजाने हेल्मेट घातले आहे हेही लक्षात घेऊ नये, असे नियम सांगतो. या नियमात गोलंदाजाचा अपमान आहे असे आपल्याला कधी वाटले नाही. मेंदूला हेतू कळत नाही, त्याला फक्त धक्का कळतो.

त्या धक्क्यांची किंमत किती, याचा अंदाज २०१७ मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून येतो. जास्तीत जास्त कॉलेज पातळीपर्यंत खेळलेल्या ५३ जणांचे मेंदू तपासले, तेव्हा ४८ मेंदूंत सीटीई हा मेंदूची झीज करणारा विकार आढळला. हे मेंदू कुटुंबांनी दान केलेले होते आणि अनेकांना आजाराची शंका आधीच होती, म्हणून हे प्रमाण सर्व खेळाडूंना लावता येणार नाही. पण शंकेचा फायदा डोक्याला द्यायला एवढे पुरेसे आहे.

दुसरा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे: निर्णयांत सातत्य नाही. ३१ डिसेंबर २०२२ च्या पीच बोलमध्ये जॉर्जियाच्या जेव्हॉन बुलार्डने ओहायो स्टेटच्या मार्विन हॅरिसन ज्युनिअरला एंड झोनमध्ये धडक दिली. मैदानावर टार्गेटिंग दिले गेले आणि रिप्लेनंतर ते रद्द झाले. हॅरिसन सामन्यात परतला नाही. ओहायो स्टेट ४२-४१ असा एका गुणाने हरला. १ जानेवारी २०२५ च्या पीच बोलमध्ये २४-२४ अशी बरोबरी असताना, शेवटच्या काही क्षणांत टेक्ससच्या मायकल टाफची ॲरिझोना स्टेटच्या मेलक्वान स्टोव्हलला धडक बसली. रिप्ले पाहून टार्गेटिंग नाही असे ठरले आणि टेक्ससने दोन ओव्हरटाइमनंतर ३९-३१ असा विजय मिळवला. निर्णय कोणत्या घटकावर फिरला, हे सामान्य प्रेक्षकाला कळले नाही. बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सचे आयुक्त ब्रेट योर्मार्क यांनी देशभर एकच निकष हवा अशी मागणी केली, ती रास्त होती.

नियम सुधारता येतो, हे त्याच्याच इतिहासातून दिसते. २०१३ मध्ये रिप्लेने निर्णय फिरवला तरी १५ यार्डांचा दंड कायम राहत असे. २०१४ पासून तोही रद्द होऊ लागला. २०१९ मध्ये ठरले की प्रत्येक घटक रिप्लेत सिद्ध झाला तरच टार्गेटिंग टिकेल. २०१८ मध्ये एलएसयूचा डेव्हिन व्हाइट एका वादग्रस्त निर्णयामुळे अलाबामाविरुद्धच्या सामन्याच्या पहिल्या हाफला मुकला, तेव्हा दाद मागायला जागाच नव्हती. २०२२ मध्ये दुसऱ्या हाफच्या हकालपट्ट्यांसाठी ती झाली. यातला प्रत्येक बदल निर्णय अधिक अचूक करणारा होता आणि म्हणूनच तो योग्य होता.

पुढचे पाऊलही याच दिशेने पडावे. सर्व कॉन्फरन्सच्या टार्गेटिंग रिप्लेंसाठी एकच केंद्र आणि एकच प्रशिक्षित पंचमंडळ हवे. रेफ्रीने माइकवर नुसता निकाल सांगू नये. माथा खाली गेला होता, उडी घेतली होती की डोक्याला जोराचा स्पर्शच झाला नव्हता, हेही सांगावे. आणि प्रत्येक निर्णयाचे कारण व्हिडिओसह जाहीर व्हावे, म्हणजे प्रशिक्षकांना त्यातून शिकवता येईल.

मात्र टार्गेटिंगचे सौम्य आणि गंभीर असे दोन वर्ग करून सौम्य गुन्ह्याला फक्त १५ यार्ड द्यावेत, या मागणीला माझा विरोध आहे. सौम्य कोणते हे ठरवताना पुन्हा हेतूच मोजला जाईल, किंवा मार खाणारा उठून उभा राहिला का हे पाहिले जाईल. तो उठला हे त्याचे नशीब. धडक देणाऱ्याचे तंत्र त्याने सुधारत नाही. आणि पंचांपुढे सोपी वाट असली की मोठ्या सामन्यात तीच वापरली जाईल.

आपल्यापैकी अनेकांची मुले शाळेच्या संघात खेळतात, अनेकांची विद्यापीठांच्या स्टेडियममध्ये दर शनिवारी गळा बसेपर्यंत ओरडतात. हा खेळ आता आपलाही आहे, तेव्हा त्याच्याविषयी बोलण्याचा हक्क आणि जबाबदारी दोन्ही आपली आहेत. मुलगा संघात असेल तर प्रशिक्षकाला विचारा, टॅकल करताना डोके कुठे ठेवायला शिकवता? उत्तर समाधानकारक नसेल तर पुन्हा विचारा, इतर पालकांना सोबत घेऊन विचारा. आणि आपल्या लाडक्या संघाचा खेळाडू बाहेर गेला म्हणून पंचांवर राग आला, तर तो चुकीच्या निर्णयापुरताच राहू द्या. नियम सैल करा अशी मागणी आपल्या घरातून उठू नये.