जुन्या संगणकाचा निरोप

आमच्या घरात एक संगणक आहे आणि तो कुठल्याच कंपनीचा नाही. म्हणजे त्याचे अवयव कंपन्यांचेच आहेत, पण सबंध देह कुणा एकीचा नाही. २०१२ साली माझा एक जुना विद्यार्थी आणि मी पुण्याला तपकीर गल्लीत गेलो. मदरबोर्ड, रॅम, हार्डडिस्क, एसएमपीएस, कॅबिनेट असं एकेक घेत फिरलो, सगळं लोकलने वडगावला आणलं आणि जेवणाच्या टेबलावर जोडलं. "सर, स्क्रू जपून, आत पडला तर शोधता शोधता नाकी नऊ येतील," असं तो मला बजावत होता. मला गंमत वाटली. याच मुलाला मी पाचवीत "वही जप रे बाबा" असं रोज बजावत असे.

तेव्हापासून या यंत्राने मला सोडलं नाही आणि मीही त्याला. मधे हार्डडिस्क गेली, त्याजागी एसएसडी आली. दोनदा एसएमपीएस बदलला. उंदराने एकदा वायर कुरतडली. पण यंत्र चालतं. माझ्या डोळ्यांना काचबिंदू आहे. मोबाइलवरची अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसतात. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर मात्र अक्षर हवं तेवढं थोर करता येतं, आणि समोर खराखुरा कीबोर्ड असतो. म्हणून मोबाइल फक्त बोलण्यापुरता, आणि लिहिणं-वाचणं, निरोप घेणं-देणं सगळं संगणकावर, अशी माझी वाटणी होती.

आता मुद्द्याकडे येतो. संगणकात जी मूळ प्रणाली असते तिलाही माणसासारखी निवृत्तीची तारीख असते. विंडोज एक्सपीची होती ८ एप्रिल २०१४, विंडोज ७ची १४ जानेवारी २०२०, आणि विंडोज १०ची १४ ऑक्टोबर २०२५. त्या तारखेनंतर प्रणाली बंद पडत नाही. चालूच राहते. पण तिच्यात नवी भोकं सापडली तर ती बुजवायला कुणी येत नाही. विंडोज १०ला घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढीची सोय दिली गेली, पण ती मुदतवाढच. पुढच्या विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची व्यवस्था लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. माझा २०१२चा. पणजोबाच म्हणायचा.

तेव्हा मी आणि माझ्या विद्यार्थ्याने ठरवलं की यात लिनक्स मिंट घालायची. ती फुकट मिळते, जुन्या यंत्रावर चालते आणि कळफलकांच्या यादीत मराठीही असते. केरळच्या सरकारी शाळांतून मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकत आली आहेत. आपल्या सी-डॅकनेही २००७ साली 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स काढली होती. म्हणजे हे काही वेड्या माणसांचं वेड नव्हे.

दिवाळीच्या आधी तो आला, दोन तासांत प्रणाली बदलून दिली आणि घाईने गेला. त्याच्या दुकानात सणाची गर्दी होती. निरोपांची सेवा आता ब्राउझरमधून उघडायची आणि मोबाइलचा कॅमेरा पडद्यावरच्या चौकोनी ठिपक्यांच्या चित्रावर धरून पुन्हा जोडणी करायची, एवढंच काम राहिलं होतं. "दिवाळी झाली की येतो, सर, मी करून देतो," असं म्हणाला. मी म्हटलं, मी करतो रे. काही अवघड नाही.

मी केलं नाही. पहिल्यांदा हात थरथरला, चित्र धरता आलं नाही. दुसऱ्यांदा मोबाइलमध्ये नेमकं कुठे जायचं ते वाचता आलं नाही. मग म्हटलं राहू दे, येईल तो. शेजारच्या मुलाला हाक मारली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारलेल्या मास्तराला स्वतःची अडचण विचारायची सवय नसते. नऊ दिवस गेले.

इथे दुसऱ्या एका माणसाबद्दल सांगायला हवं. आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे सर. एकोणीस वर्षं आम्ही एका स्टाफरूममध्ये बसलो. मी मराठी, ते विज्ञान. 'पाणी उकळलं' यातलं क्रियापद माझं आणि वाफ त्यांची, असा आमचा विनोद होता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. त्यानंतर ते फोनवर बोलू शकत नसत, फक्त लिहीत. आणि मला मोबाइलवरचं लिहिलेलं दिसत नसे. म्हणजे ज्याला बोलता येत नाही असा एक, आणि ज्याला बारीक दिसत नाही असा दुसरा. आम्हा दोघांच्या मधला पूल म्हणजे तो जेवणाच्या टेबलावर जोडलेला संगणक. रोज रात्री साडेआठला आमचं लिहिणं चाले. बहुतेक वेळा भांडण. कविता चांगली की वैज्ञानिक सत्य, वगैरे.

नवरात्रात मी त्यांना भेटून आलो होतो. दिवाळीनंतर पुन्हा जायचं ठरवलं होतं. संगणक बदलतोय, चार दिवस निरोप येणार नाहीत, हे त्यांना कळवायचं मला सुचलंच नाही. पाडव्याच्या सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. रात्री गेले होते.

भाऊबीज झाल्यावर विद्यार्थी आला, मिनिटभरात जोडणी केली. अडलेले निरोप धो धो खाली आले. शुभेच्छांची फुलं, दिवे, गणपती... आणि त्या गर्दीत सरांचे तीन निरोप. पहिल्यात एक विनोद होता. दुसऱ्यात, "रागावलात का?" तिसरा असा होता, "सर, जमल्यास एकदा येऊन जा. येताना वाचायला काहीतरी आणा."

मोबाइल त्या नऊही दिवस खणात होता. निरोप त्यातही आलेच होते. फुलांच्या आणि सुविचारांच्या माऱ्याला कंटाळून मी निरोपांचा आवाज बंद करून ठेवला होता, एवढंच. तेव्हा दोष कुणाचा, या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, माझा. मी कुणा कंपनीला बोल लावायला हे लिहीत नाही. पण त्यानंतर डोक्यात एक विचार सुरू झाला, तो मात्र माझ्यापुरता नाही.

पत्राचं बघा. १८७४ साली बर्नला देशोदेशींच्या टपालखात्यांनी एकत्र येऊन करार केला. त्यातून पुढे जागतिक टपाल संघ उभा राहिला. भारत त्यात १८७६ साली सामील झाला. त्या कराराचा साधा अर्थ असा की तुझ्या देशाचं तिकीट लावलेलं पत्र मी माझ्या देशात पोचवीन, आणि माझं तू. पत्र कुठल्या शाईने लिहिलं, बोरूने की बॉलपेनाने, हे कुणी विचारलं नाही. पुढे टेलिफोन आला, तोही एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीला लागतो. एसएमएस जातो. ई-मेल तर याहूचा जीमेलला आणि जीमेलचा कुणालाही जातो. कारण पाठवायची रीत उघडी आहे, ती कुणाच्या मालकीची नाही.

निरोपांच्या ॲपचं मात्र तसं नाही. एकातलं दुसऱ्यात जात नाही. असं असायलाच हवं असंही नव्हे. २००५ साली गुगल टॉक आलं तेव्हा ते एक्सएमपीपी नावाच्या खुल्या रीतीवर चालायचं. लिनक्सवरच्या पिजिनसारख्या साध्या प्रोग्रॅममधूनही त्यावर बोलता येई. पुढे ती वाट बंद झाली. याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये मिटलं, स्काइप मे २०२५ मध्ये. प्रत्येक वेळी माणसं तीच, गप्पा त्याच, फक्त वाडा सोडून सगळ्यांनी उठून दुसऱ्या वाड्यात जायचं. तरण्या माणसाला हे जमतं. म्हाताऱ्याची दोन भांडी प्रत्येक स्थलांतरात हरवतात.

आम्ही वडगावकर तहाच्या बाबतीत जरा जागरूक असायला हवेत. जानेवारी १७७९ मध्ये इथेच महादजी शिंद्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेला कोंडीत पकडलं आणि तिला तह करायला लावला. पुढे कंपनीच्या वरच्या मंडळींनी, 'सही करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता' म्हणून तो तह झुगारून दिला. आज आपण उलट टोकाला आहोत. कंपनीच्या अटी न वाचता 'मान्य' वर टिचकी मारतो आणि त्या पुढे बदलल्या तरी पुन्हा टिचकी मारतो. झुगारायची सोयच नाही, कारण नातवंडांचे फोटो पलीकडे असतात.

दुसरी बाजू मला कळत नाही असं नाही. जुनी, डागडुजी नसलेली प्रणाली म्हणजे कडी नसलेलं दार. 'डिजिटल अरेस्ट'च्या धाकाने निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी लुटली गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. हे थांबवायला दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी एक आदेश काढला. निरोपांचं ॲप त्या फोनमधल्या सिमकार्डाशी कायम बांधलेलं असावं आणि संगणकावरची जोडणी दर सहा तासांच्या आत आपोआप तुटावी, असं त्यात होतं. हेतू चांगलाच आहे. पण हा नियम लिहिताना ज्याचा हात थरथरतो त्याचा विचार कुणी केला असेल का? दर सहा तासांनी हजेरी! मी शाळेतसुद्धा दिवसातून दोनदाच घेत असे. चोराला अडवणारं कुलूप हवंच, पण ते घरच्या आजोबांना उघडता यायला हवं.

मग काय व्हावं? मला तीन गोष्टी वाटतात.

पहिली, निरोपाची मूळ वाट उघडी असावी. युरोपीय संघाने डिजिटल मार्केट्स ॲक्ट करून मोठ्या निरोप-सेवांवर अशी सक्ती केली की दुसऱ्या सेवेने मागणी केली तर तिच्याशी देवाणघेवाण करावी लागेल. मार्च २०२४ पासून ती बंधनं लागू झाली. सुरुवात दोन व्यक्तींमधल्या साध्या निरोपांपासून. काम हळू चाललंय, पण दिशा बर्नच्या कराराचीच आहे. आपल्याकडे तशी सक्ती नाही. व्हायला हवी.

दुसरी, ब्राउझरमधली वाट कुणी बंद करू नये. घरी जोडलेल्या, जुन्या, कुणाच्याही यादीत नसलेल्या यंत्राला तोच एक दरवाजा असतो. आणि जी वाट बंद करायची तिची सूचना महिनोन् महिने आधी, मोठ्या अक्षरांत, मराठीतही यावी.

तिसरी गोष्ट सरकारची किंवा कंपनीची नाही, आपलीच आहे. प्रत्येक गावात ज्येष्ठ नागरिक संघ असतो. शाळाही असते. आठवी-नववीची दोन मुलं रविवारी तासभर तिथे बसली, तर आजी-आजोबांची जोडणी होईल आणि त्यांना मार्क द्यायलाही माझ्यासारखे मास्तर मोकळेच आहेत. आमच्याकडे हे आता सुरू झालंय. फार मोठं काही नाही. एक टेबल, दोन खुर्च्या. मी स्वतः तिथे पहिल्या रविवारी विद्यार्थी म्हणून बसलो. नववीतल्या एका मुलीने मला चार वेळा तेच सांगितलं आणि एकदाही कंटाळली नाही. मी इतका सोशिक कधी होतो का, असा प्रश्न पडला.

आणि ज्यांच्या घरी असा जुना संगणक आहे त्यांना एक सांगतो. प्रणाली बदलण्याआधी फोटो आणि लिखाण दुसरीकडे उतरवून ठेवा. हातातल्या वहीत फोन नंबर लिहून ठेवा. आणि ज्या दोन-चार माणसांचा तुमच्यावर जीव आहे, त्यांना आधी कळवा की चार दिवस मी दिसणार नाही, रागावलेलो नाही.

संगणक उत्तम चालतोय. रात्री साडेआठला मी तो अजूनही लावतो. सवय, दुसरं काय. सरांसाठी घेतलेलं पुस्तक टेबलावर आहे. परवा त्यांच्या घरी जाऊन आलो तेव्हा ते सोबत नेलं होतं, पण कुणाच्या हातात द्यायचं ते कळेना, तेव्हा तसंच परत आणलं.