डब्यावर 'रिकामे' कोणी लिहिले?

पिंपळवंडी, आळेफाटा, नारायणगाव या आमच्या पट्ट्यातली मुलं आता विमानतळावरच्या नोकरीकडे वळू लागली आहेत. गणवेश, पास, महिन्याचा पगार, घरचेही खूश. पण सामान चढवणाऱ्या मुलाला त्या खोक्यात काय आहे, हे कोण सांगतं?

११ मे १९९६ रोजी अमेरिकेत मायामीहून निघालेलं व्हॅल्यूजेटचं विमान काही मिनिटांतच दलदलीत कोसळलं. ११० माणसं गेली. मालकक्षात मुदत संपलेले ऑक्सिजन जनरेटर होते. मुदत संपलेले, रिकामे नव्हे. त्यांना सुरक्षा टोपणं बसवली नव्हती, कागदावर मात्र बसवल्याच्या सह्या होत्या. पाठवणाऱ्याने 'रिकामे' असं लिहिलं. सामान चढवणाऱ्याने कागद सहवैमानिकाला दाखवला आणि चर्चा झाली ती वजनाची. त्या कंपनीला धोकादायक माल नेण्याची परवानगीच नव्हती. साखळीतल्या प्रत्येकाने आपापल्या वाटणीचं काम 'केलं' होतं!

हे परदेशातलं झालं म्हणाल, तर १४ एप्रिल १९४४ची मुंबई आठवा. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज उभं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि त्यांच्यासोबत कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी. स्फोटकांची खूण असलेला लाल झेंडा लावलेला नव्हता. धूर शेजारच्या जहाजांवरून दिसला होता, पण कोणी कळवलं नाही. आपलं जहाज नाही ना! अग्निशमनाला मदत मागायला धावलेल्या माणसाला मिळालेल्या फोनला डायलच नव्हती. त्याने धोक्याच्या घंटीची काच फोडली. पण घंटीने 'आग' एवढंच कळलं, 'स्फोटकं' नाही. चारच्या सुमारास स्फोट झाला. ६६ अग्निशमन जवान आणि कितीतरी गोदी कामगार त्यात गेले.

आज नियम आहेत. भारतात धोकादायक मालाच्या हवाई वाहतुकीचे नियम २००३ पासून आहेत. असा माल विमानात चढला की वैमानिकाला लेखी सूचना द्यावी लागते. तिला 'नोटॉक' म्हणतात. लिथियम-आयन बॅटऱ्या नुसत्या माल म्हणून प्रवासी विमानातून नेण्यावर एप्रिल २०१६ पासून जगभर बंदी आहे. तरी कागद आणि माणूस यांच्यात फट राहतेच. उमऱ्याला निघालेल्या आपल्याच घरचं बघा ना. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवली, इथपर्यंत ठीक. पण वर जागा नाही म्हणून गेटवर तीच बॅग पोटात टाकायला घेतात. त्या क्षणी 'आत पॉवर बँक आहे का?' हे विचारायला हवं, आणि आजीला समजेल अशा भाषेत. गर्दीत ते राहून जातं. काउंटरवाला म्हणतो गेटवाला विचारेल, गेटवाला म्हणतो काउंटरवर विचारलं असेलच.

कंत्राटी लोडरने 'हा खोका मी चढवणार नाही, आधी दाखवा' म्हटलं तर त्याची शिफ्ट जाणार नाही, याची हमी कोण देणार? माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र इंग्रजीत आणि धावपट्टीवरची हाक हिंदी-मराठीत, तर मग प्रशिक्षणही त्याच भाषेत द्या, परीक्षाही त्याच भाषेत घ्या. या नोकरीला जाणाऱ्या मुलामुलींनी पहिल्याच दिवशी विचारावं: संशय आला तर मी कुणाला फोन करायचा, आणि रात्री दोनला तो उचलणार कोण?