कणकेचा गोळा आणि रॅम्बोचा बाण

माझा भाचा आठवड्यातले चार दिवस तिरंदाजीच्या मैदानावर असतो आणि उरलेले तीन दिवस सिनेमात. गेल्या महिन्यात एका रविवारी जेवणाआधी त्याने विचारलं, “मामा, बाणाच्या टोकाला बॉम्ब लावला तर खरंच चालेल का रे?” हा विषय मी पन्नाशी ओलांडलेल्या, पदवीधर, मिशीवाल्या माणसांकडूनही ऐकलाय. फरक इतकाच, की त्यांना शंका नसते, खात्री असते. पोराला निदान शंका होती, म्हणून म्हटलं, आण तुझा बाण.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर बाण भरला 20 ग्रॅम. पोळ्यांसाठी मळून ठेवलेल्या कणकेतला 50 ग्रॅमचा गोळा तोडून मी तो टोकावर थापला. त्यावर ताईने जो पट्टा सोडला तो छापण्याजोगा नाही. संध्याकाळी मैदान रिकामं झाल्यावर पोराने तीस मीटरचा नेहमीचा नेम धरला आणि सोडला. बाण धनुष्यातून निघाला तोच मुळी शेपटी हलवत, खडकावर आपटलेल्या माशासारखा, आणि पंचवीसेक पावलांवर नाक खुपसून बसला. शस्त्रसंशोधन संपलं. पुढचं सगळं फक्त आकड्यांत सांगायचं आहे.

स्फोटक बाण बनवताच येणार नाही, असं मी म्हणत नाही. बनेल. पावसात कागदाची होडीही बनते. प्रश्न असा, की तो धनुष्यातून का सोडायचा? 70 पौंडी कंपाउंड धनुष्य बाणाला शंभरेक ज्यूल ऊर्जा देतं, त्याहून फार जास्त नाही. एवढ्यात 26 ग्रॅमचा बाण सेकंदाला 85 मीटर जातो. त्याच्या टोकावर आणखी 50 ग्रॅम चढवा, वेग पन्नाशीवर येतो. शिवाय दोरी मागून ढकलते आणि जड टोक पुढून अडून बसतं, तेव्हा मधला शाफ्ट वेळूसारखा वाकतो. जिने टोक-शाफ्ट-पिसं यांचा तोल ग्रॅमांत सांभाळलाय त्या वस्तूला तुम्ही हंडा उचलायला लावताय.

‘रॅम्बो’च्या 1985 च्या दुसऱ्या भागात समोरून पिस्तुलाच्या गोळ्या येतायत आणि हा गडी धबधब्याजवळ उभा राहून शांतपणे बाणाला टोक बसवतो. मग धनुष्य ताणतो. मग समोरचा माणूस असा उडतो, की मागे बूटही सापडू नये. कथा घडते व्हिएतनाममध्ये. गंमत अशी, की व्हिएतनाम युद्धात त्याच जंगलांत अमेरिकन सैनिकांच्या खांद्याला एम-79 ही बंदूक लटकत होती. ती 40 मिलिमीटरचा ग्रेनेड सेकंदाला 76 मीटर वेगाने फेकायची, साडेतीनशे मीटरपर्यंत. आत स्फोटक किती? तीस-बत्तीस ग्रॅम. त्याने माणसं मरत, पण ती तुकड्यांच्या माऱ्याने; कुणाची वाफ होत नसे. पडद्यावर दिसणारा तो केशरी लोळ पेट्रोलचा असतो. खऱ्या स्फोटात करडी धूळ उडते आणि कान बसतात. दिग्दर्शकाला त्यात काय मिळणार?

त्या ग्रेनेडमध्ये आणखी एक शहाणपण होतं. नळीतून निघताना तो गरगर फिरायचा, आणि त्या फिरण्यानेच, थोडं अंतर गेल्यावर, त्याचा फ्यूज जागा व्हायचा. तोवर तो झोपलेला. आता बाण पाहा. पूर्ण ताण घेतला की टोक येतं तुमच्या डाव्या मुठीशी. बाणाच्या शेपटीची खाच, म्हणजे नॉक, दोरीवरून निसटण्याचा प्रकार प्रत्येक नवशिक्याच्या हातून होतो. बाण पायाशी पडतो, सगळे हसतात. त्याला रॅम्बोचं टोक लावा आणि मग कोण हसतंय ते मला सांगा. तसल्या डझनभर टोकांचा भाता पाठीला बांधून धावणाऱ्याबद्दल मी काही बोलत नाही. त्याच्या विम्याचा हप्ता कोण भरतं तेवढं कळावं.

आणि धनुष्याने बॉम्ब फेकणं करून बघितलेलंही आहे. पहिल्या महायुद्धात खंदकात अडकलेल्या फ्रेंचांनी ‘सोतरेल’, म्हणजे टोळ, नावाचं आडवं धनुष्य काढलं. वजन 24 किलो. ते हातबॉम्ब फेकायचं 110 ते 140 मीटर. इंग्रजांनीही ते वापरलं, आणि 1916 मध्ये उखळी तोफा हाताशी आल्यावर बाजूला ठेवलं. म्हणजे धनुष्याने बॉम्ब फेकायचा तर चोवीस किलोचं लोढणं लागतं, आणि तेही दुसरं काही मिळेपर्यंतच.

त्याच्या शेकडो वर्षं आधी चिनी लोक बाणाला दारूची पुडी बांधत होते. 1044 च्या त्यांच्या युद्धग्रंथात ती नोंद आहे. पण ती पुडी उडवायला नव्हे, पेटवायला होती. छपरं, शिडं, गवत. पुढे लक्षात आलं, की दारू बाणाला स्वतःच ढकलू शकते, मग दोरी कशाला ओढायची? धनुष्य गेलं, नाव राहिलं. चिनी भाषेत ‘अग्निबाण’ या अर्थाचाच शब्द आज रॉकेटला आहे. आपल्याकडे वेगळं काय झालं? जुन्या मराठी कागदांत फौजेबरोबर चालणारे ‘बाण’ म्हणजे दारूने उडणारे बाण, आणि ते सोडणारा तो बाणदार. म्हैसूरच्या अग्निबाणांच्या लोखंडी नळ्यांनाही मागे बांबूची काठी होतीच. दारू बाणाला स्वतः ढकलू लागली त्या दिवशी कामावरून निघालं ते धनुष्य, ही गोष्ट आपली भाषा कित्येक पिढ्या सांगतेय. ऐकायला वेळ नाही, कारण अस्त्रांच्या थोरवीचे मेसेज फॉरवर्ड करायचे असतात.

अस्त्रांचे खेळ मीही पाहिलेत. 1987 मध्ये रविवारी सकाळी टीव्हीवर ‘रामायण’ लागायचं. हवेत बाणाला बाण भिडे, ठिणग्या उडत, आणि मी मांडी घालून बघत बसे. माझी त्यावर आजही तक्रार नाही. ती कथा होती आणि कथेसारखी सांगितली जात होती. तक्रार आहे ती 2019 मध्ये जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये उभं राहून रावणाकडची 24 प्रकारची विमानं मोजणाऱ्या कुलगुरूंबद्दल. दुसऱ्याच वर्षी, तेव्हा पश्चिम बंगालचे राज्यपाल असलेल्या जगदीप धनखडांनी अर्जुनाच्या बाणात अणुशक्ती असल्याचं सांगितलं. अहो, अणुशक्ती होती तर त्या बिचाऱ्याला पोपटाचा डोळा कशाला दाखवलात? बॉम्बला डोळा लागत नाही. झाड, पोपट, भाऊ, गुरुजी, सगळे एकदमच गेले असते. ज्या माणसाची सारी थोरवी नेमात आहे, त्याच्या हातात तुम्ही नेमाची गरजच नसलेली वस्तू देता आणि वर त्याचा गौरव केला म्हणता! अर्जुनाचा इतका अपमान कर्णानेही केला नसेल.

भाच्याची कणीक मात्र त्या रविवारी संपली नाही. दोन दिवसांनी त्याच्या सरांनी विचारलं, तुझ्या सहा बाणांतला एकच नेमका खाली का बसतोय? घरी येऊन त्याने बाण दिव्याखाली धरला. टोक आणि शाफ्टच्या सांध्यात वाळलेला पापुद्रा राहिला होता. टाचणीने उकरून काट्यावर ठेवला. आकडा हललाच नाही.