पौलाने जहाजावर सर्वांना जेवायला का सांगितले?



आपल्या धर्मग्रामातील एका जोडप्याच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली, तेव्हा मुलांनी त्यांना मुंबई-गोवा क्रूझची तिकिटे भेट दिली. आम्हा सर्वांना आनंद झाला. जन्मभर शेत, चर्च आणि नातवंडे यांपलीकडे न गेलेली ही माणसे समुद्र पाहणार होती.

परत आल्यावर कळले की काका पहिल्याच संध्याकाळी डेकवर चक्कर येऊन पडले. हाड मोडले नाही, ही प्रभूची कृपा. आम्ही भेटायला गेलो तेव्हा काकूंनी खरी गोष्ट सांगितली. निपाणीहून मुंबईपर्यंत रात्रभर बस. वाटेत लघवीला उतरावे लागू नये म्हणून काका पाणीच प्यायले नाहीत. गोळ्या मोठ्या बॅगेत होत्या, आणि ती बॅग जहाजावर चढताना दिली ती खोलीत उशिरा पोहोचली. त्याआधी घरीही दोनदा चक्कर आली होती. पण "मुलांना सांगितले तर तिकीट रद्द करतील" म्हणून काका गप्प राहिले.

आम्हाला वाटते, खरा धोका समुद्राचा नव्हता. धोका त्या गप्प राहण्याचा होता.

आपल्याकडे दोन वाक्ये नेहमी ऐकू येतात. एक, "या वयात कशाला फिरायचे?" दुसरे, "प्रभू बरोबर आहे, काही होत नाही." पहिल्या वाक्यामुळे म्हातारी माणसे आजार लपवतात. दुसऱ्यामुळे आपण त्यांना विचारतच नाही. आमच्या मते दोन्ही वाक्ये चूक आहेत.

प्रेषितांच्या कृत्यांचा २७वा अध्याय पुन्हा वाचून पाहा. पौल तेव्हा तरुण नव्हता. फिलेमोनाच्या पत्रात तो स्वतःला वृद्ध म्हणवतो. सीदोनला जहाज लागले तेव्हा शताधिपतीने त्याला मित्रांकडे जाऊ दिले. पौलाने त्यांच्याकडून सेवा करून घेतली, त्यात कमीपणा मानला नाही. पुढे हवामान बिघडणार हे ओळखून त्याने प्रवास थांबवायला सांगितले, पण कोणी ऐकले नाही. मग चौदा दिवस वादळ. जहाजावर २७६ माणसे, आणि कोणाच्या पोटात नीट अन्न नाही. एकाचाही जीव जाणार नाही, असे वचन पौलाला देवदूताकडून मिळाले होते. तरीही त्याने सर्वांना जेवायचा आग्रह केला, कारण जगण्यासाठी ते गरजेचे होते. वचन होते म्हणून त्याने भाकर सोडली नाही. ती हातात घेऊन देवाचे आभार मानले आणि स्वतः आधी खाल्ली.

म्हणून प्रवासाला निघणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे. तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटा. बोट लागू नये म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांनी वयस्कांना फार झोप येते, गोंधळल्यासारखे होते, प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडते. तेव्हा शेजाऱ्याने दिलेली गोळी घेऊ नका. रोजची औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, चार दिवस जास्तीची घ्या, आणि नावे लिहिलेला कागद सोबत असू द्या. लघवीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. बसमध्ये घोट घोट पाणी प्या आणि ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगा. त्यात लाज कसली?

जहाजावर खोली शक्यतो मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर मागा, तिथे हेलकावे कमी जाणवतात. चालताना एक हात कठड्याला असू द्या. जेवणाआधी साबणाने हात धुवा. उलट्या-जुलाबाचा जो विषाणू जहाजांवर पसरतो, त्यावर नुसते सॅनिटायझर पुरेसे नाही. जहाजावर डॉक्टर असले तरी ते मोठे हॉस्पिटल नव्हे, म्हणून विमा घेताना जहाजावरून किनाऱ्यावरच्या दवाखान्यात हलवण्याचा खर्च त्यात आहे का, ते विचारा.

सुरुवातीला होणारा आपत्कालीन सराव तर कधीच चुकवू नका. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकाला घासून कलंडले आणि ३२ माणसे गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तोवर झाला नव्हता. पुढे नियम बदलला; आता असा सराव जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घ्यावा लागतो. गुडघे दुखतात म्हणून खोलीत बसून राहू नका. गुडघे दुखतात म्हणूनच आपली जागा आणि तिथे जाण्याची वाट आधी पाहून ठेवायची.

आणि मुलांनो, तिकीट देणे ही अर्धीच भेट आहे. "आई, बाबा, काय त्रास होतो ते सांगा, आम्ही तिकीट रद्द करणार नाही, त्यातून वाट काढू," हे वाक्य म्हणजे उरलेली अर्धी भेट. गरज पडली तर तारीख पुढे ढकला, पण त्यांना घरी डांबू नका.

आम्ही स्वयंसेवकही यात कमी पडलो. काका-काकू निघाले तेव्हा मिस्सानंतर आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना केली, टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. तब्येत कशी आहे, हे एकानेही विचारले नाही. यापुढे वेलांकणीला असो, जुन्या गोव्याला असो की समुद्रावर, आपल्यातले कोणी वयस्क निघाले तर आमच्यापैकी एक जण आधी त्यांच्या घरी जाईल, औषधांचा कागद लिहून देईल आणि मग प्रार्थना करील.

काका आता बरे आहेत. पुन्हा जायचे म्हणतात. या वेळी मुलांना सगळे सांगून.

प्रभू तुमचे जाणे-येणे सुरक्षित ठेवो. आमेन.