थर्मोस्टॅट काढू नका, जाळी झाडा!

खोडवा मोडायला रोटाव्हेटर लावला की ट्रॅक्टरचा काटा लालीत जातो. मेकॅनिक म्हणतो, "थर्मोस्टॅट काढून टाका." मीही मागं ऐकलं. रिकामं चालताना इंजिन थंडगार, डिझेल जास्त. अन् रोटाव्हेटर लावला की पुन्हा गरम! दोष त्याचा नव्हताच. रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा भुसा गच्च, फॅनबेल्ट ढिला, आत बोअरच्या पाण्याचे क्षार. पार्ट काढणं म्हणजे दुरुस्ती नव्हे!

दर दोन-तीन तासांनी इंजिन बंद करून जाळी झाडा. हवा पंख्याकडून पुढं मारा. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळा. गरम असताना झाकण उघडू नका, तोंड भाजेल.

बैलाला आपण गढूळ पाणी पाजत नव्हतो. मग लाखांच्या ट्रॅक्टरला क्षाराचं का पाजता?