सोमवारचा बाजार आणि पुढच्या सोमवारच्या माश्या

आठवडे बाजाराचा कचरा हा नगरपालिकेचा विषय, त्यात आरोग्याच्या सदरात काय लिहायचे, असे काही वाचकांना वाटेल. परंतु घरमाशीचे आयुष्य ज्यांनी अभ्यासले आहे त्यांना हा प्रश्न पडणार नाही. उन्हाळ्याच्या किंवा पावसाळ्याच्या उबदार हवेत माशीने ओल्या कचऱ्यावर अंडी घातली की एका दिवसाच्या आत त्यांतून अळ्या निघतात. चार-पाच दिवस त्या कचऱ्यात पोसतात, मग ढीग सोडून बाजूच्या कोरड्या मातीत शिरून कोष करतात आणि अंड्यापासून सात ते दहा दिवसांत नवी माशी उडते. म्हणजे सोमवारच्या बाजाराचा पालापाचोळा पुढच्या सोमवारच्या आदल्या दिवशी घाईघाईने उचलला, तर जागा स्वच्छ दिसते खरी, पण माश्यांची पिढी तोवर मातीत जाऊन बसलेली असते. ती नेमकी पुढच्या बाजाराला भेळेवर, जिलबीवर आणि कापलेल्या कलिंगडावर हजर होते. हगवण, विषमज्वर आणि कॉलरा पसरवण्यात या माशीचा हात किती आहे, हे शाळेच्या पुस्तकातही असते.

माशीनंतर उंदीर. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा पुरानंतर साचलेली घाण आणि न उचललेला कचरा यांची चर्चा देशभर झाली. पुढे १९९५ पासून महापालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत त्याच सुरतेने सफाईत नाव काढले. तेव्हा कचऱ्याचा आणि दवाखान्याचा संबंध नाही, असे निदान आपण तरी म्हणू नये.

तथापि आजचा मुद्दा नुसता सफाईचा नाही. कचरा लवकर उचला, एवढेच सांगायचे असते तर ते दोन ओळींत झाले असते. बाजार उठल्यावर जो ढीग उरतो त्यात कचरा थोडा आणि अन्न बरेच असते, ही खरी दुखरी बाजू आहे. संध्याकाळी साडेसात-आठला बाजाराच्या मागच्या अंगाला जाऊन पाहावे. फ्लॉवरचा पाला, मुळ्याचा आणि बिटाचा पाला, कोमेजलेली मेथी, दबलेले टोमॅटो, एका बाजूने डागाळलेले पेरू, कोबीची वरची पाने. यातले निम्मे सकाळी दहा वाजता खाण्यालायक होते. संध्याकाळी पायाखाली तुडवले गेल्यावर, गटाराच्या पाण्यात भिजल्यावर त्याचा कचरा झाला. त्यातूनच दोन-चार बाया खाली वाकून भाजी वेचत असतात. आपण त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करतो.

याच राज्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांना आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांपैकी सुमारे ६९ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहार मार्गदर्शनात माणशी रोज ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. मजुरी करणाऱ्या कुटुंबाने रोज एवढी भाजी विकत घ्यायची म्हटले तर मिठाचे पैसे उरणार नाहीत. एकीकडे भाजी परवडत नाही आणि दुसरीकडे ती उकिरड्यावर जाते.

फ्लॉवरच्या फुलापेक्षा त्याच्या पाल्यात कॅल्शियम आणि लोह किती तरी पटींनी अधिक असते. आपण फूल घरी नेतो आणि पाला भाजीवालीकडे मोडून टाकतो. कोवळा पाला बारीक चिरून डाळीत किंवा पिठल्यात घातला तर उत्तम लागतो. मात्र फ्लॉवरवर फवारणी फार होते, म्हणून बाहेरची दोन-तीन राठ पाने सोडावीत आणि आतला पाला मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून वाहत्या पाण्याखाली धुवावा. मेथी कोमेजली की तिच्यातले क जीवनसत्त्व झपाट्याने कमी होते, हे खरे. पण लोह आणि कॅल्शियम कुठे उडून जात नाही. अशा भाजीवर लिंबू पिळावे, म्हणजे क जीवनसत्त्वाची भरपाई होते आणि लोह शोषले जायलाही मदत होते. (पालेभाजी खाते म्हणून लोहाच्या गोळ्या बंद केल्या, असे कोणी करू नये. भाजीतले लोह अंगी लागण्याचे प्रमाण कमी असते. रक्तक्षय झाल्यावर औषध घ्यावेच लागते.)

माल वाया का जातो, याचेही उत्तर सोपे आहे. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने २०१५ साली देशभरच्या नुकसानीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात टोमॅटोचे सुमारे साडेबारा टक्के आणि पेरूचे जवळजवळ सोळा टक्के नुकसान दाखवले आहे. पोत्यात दाबून भरलेला माल, उघड्या उन्हातले दुकान, वरून ओतलेले पाणी आणि भाव पडणे ही त्यातली नेहमीची कारणे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नाशिक भागात टोमॅटो किलोला दोन-तीन रुपयांवर आला आणि शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला. २०२३ च्या जुलैत तोच टोमॅटो शंभर रुपयांच्या वर गेला. या खेळात बाजारातल्या भाजीवालीला दोष देऊन काय मिळणार? शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ साली जगात जे १०५ कोटी टन अन्न वाया गेले त्यातले साठ टक्के घरांतून गेले आणि किरकोळ विक्रीतून फक्त बारा टक्के. तेव्हा बाजाराकडे बोट दाखवताना आपल्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यातही डोकावून यावे.

मग उपाय काय? हल्ली सरकारी कागदांत आणि परिसंवादांत चक्रीय अर्थव्यवस्था असा भारदस्त शब्द ऐकू येतो. त्याचा अर्थ एवढाच, की एका ठिकाणचे उरलेले ते दुसऱ्या ठिकाणचा कच्चा माल व्हावे आणि मातीतून आलेले पुन्हा मातीत जावे. ज्या घरांत ताकाचे पाणी म्हशीला, साली शेळीला आणि राख भांड्यांना जात असे, त्यांना हे शिकवायला नको. अडचण अशी की घरात जे सहज होते ते बाजारात होत नाही, कारण बाजाराचे उरलेले कोणाच्याच मालकीचे नसते.

माझे मत स्पष्ट आहे. हे काम यंत्रापासून सुरू करू नये, विक्रेत्यांपासून सुरू करावे. पुष्कळ गावांत उलटे होते. आधी लाखो रुपयांचा प्रकल्प येतो, फीत कापली जाते आणि मग त्यात पिशव्या, वाळू, सुतळी आणि नारळाच्या करवंट्या जाऊन तो सहा महिन्यांत बंद पडतो. त्याऐवजी बाजारातल्या दहा-पंधरा भाजीवाल्या, दोन हमाल, एखादा बचत गट आणि पालिकेचा एक मुकादम यांनी एकत्र बसून एवढेच ठरवावे, की माल जमिनीवर पडण्याआधी त्याचे तीन भाग करायचे. माणसांचा, जनावरांचा आणि मातीचा. त्यासाठी तीन रंगांची कॅरेट पुरतात.

माणसांच्या भागाबद्दल भाजीवाल्यांची एक शंका मी नेहमी ऐकतो, आणि ती रास्त आहे. शेवटी स्वस्तात वाटे लावले तर सकाळचे गिऱ्हाईकही संध्याकाळची वाट पाहील, असे त्यांचे म्हणणे. यावर तोड म्हणजे शेवटच्या तासाचा माल सुट्या गिऱ्हाइकाला न देता एकगठ्ठा द्यावा. वसतिगृह, आश्रमशाळा, खानावळ चालवणारा बचत गट यांनी आठवड्याचा ठराविक दर बांधून घ्यावा. दर कमी असेल, पण शून्य नसेल. फुकट वाटण्याच्या मी विरुद्ध नाही, मात्र दानाच्या नावाखाली सडके देण्याच्या पूर्ण विरुद्ध आहे. जे आपण घरी शिजवणार नाही ते गरिबाच्या ताटात का? उरलेले खाद्य गोळा करून वाटण्याबाबत देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ साली नियमच केले आहेत. इच्छुक मंडळांनी ते आधी वाचावेत.

काय घ्यावे आणि काय टाकावे, याचे भान इथे फार महत्त्वाचे. दबलेला पण न फुटलेला टोमॅटो, कोमेजलेली पालेभाजी, वाकडी गाजरे खुशाल घ्यावीत. कोबी किंवा गाजरासारख्या घट्ट भाजीवर बुरशीचा लहान ठिपका असेल तर भोवतालचा इंचभर भाग कापून बाकीचा वापरता येतो. मऊ फळांचे तसे नाही. टोमॅटो, द्राक्षे, पपई यांत बुरशी वरून दिसते त्याहून आत खोल गेलेली असते, ती टाकावीत. हिरवा पडलेला आणि कोंब फुटलेला बटाटा घेऊ नये. आणि बुरशी आलेला शेंगदाणा किंवा मका तर माणसालाही नको आणि दुभत्या जनावरालाही नको. त्यातले अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष गाईच्या दुधातून पुन्हा आपल्याच घरात येते.

जनावरांच्या भागातही असेच तारतम्य हवे. पाला गोशाळेला किंवा गोठ्याला द्यावा, पण जुडीची सुतळी, रबर आणि पिशवी काढून. बाजारात मोकाट फिरणाऱ्या गाई भाजीबरोबर पिशव्याही गिळतात, त्या पोटात साचत जातात आणि जनावर अन्न असूनही उपाशी मरते. कांद्याचे भाव पडले की ढीगच्या ढीग गोठ्यात ओतले जातात, तेही थांबावे. फार कांदा खाल्ल्याने गाईच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. शिळा भात आणि भाकरीचे तुकडे एकदम टोपलीभर घातले तरी पोटात आम्ल वाढून जनावर दगावू शकते.

या दोन वाटण्या झाल्यावर जे उरते ते मातीचे. इथे नुसता ओला पाला रचून चालत नाही, त्याला पाणी सुटते, वास येतो आणि मग शेजारचे लोक तक्रार करतात. ओल्याच्या जोडीला सुके हवे. पाचट, झाडांची पाने, लाकडाचा भुसा, जे गावात मिळेल ते थराथराने घालावे. ढीग लांबी-रुंदी-उंचीने निदान एक मीटर असला तर आतली उष्णता ५५ ते ६० अंशांपर्यंत चढते. या उष्णतेत माशीच्या अळ्या आणि बहुतेक रोगजंतू मरतात. कडेचा माल आत जावा म्हणून ढीग अधूनमधून उलटावा लागतो. आळस केला तर कडेला अळ्या सुखाने वाढतात. बाजार संपला त्याच रात्री ढीग लागला पाहिजे, हे माशीच्या वेळापत्रकावरून वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

गॅस करायचा असेल तर तोही करता येतो. पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्या अन्नावर चालणारे लहान गॅस संयंत्र तयार केले, त्याला २००६ साली ॲश्डेन हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हैदराबादच्या बोयनपल्ली भाजी मंडईत रोज सुमारे दहा टन टाकाऊ भाजीपासून ५०० युनिटच्या आसपास वीज होऊ लागली, त्याचा उल्लेख २०२१ च्या जानेवारीत पंतप्रधानांच्या मन की बात मध्येही झाला. आपल्या सिंधुदुर्गातील वेंगुर्ले नगरपरिषदेने कचरा घरापासूनच वेगळा घेऊन जुन्या कचरा डेपोचे रूप पालटले. पण या सर्व ठिकाणी पुढचे सारे आधीच्या निवडीवर अवलंबून आहे. आपल्या तालुक्याच्या बाजाराला दहा टनांचे यंत्र नको, निवड मात्र तेवढीच कसून हवी.

निवड करणाऱ्या माणसांचा विचार या बाबतीत सर्वांत शेवटी होतो. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि २००८ पासून तिच्यातून उभ्या राहिलेल्या स्वच्छ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा घ्यायला सुरुवात केली. वर्षानुवर्षे उकिरड्यात हात घालणाऱ्या बायकांना ओळखपत्र मिळाले, हातमोजे मिळाले, दरमहा पैसे मिळू लागले. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९९१ मध्ये वेगळीच शक्कल काढली. चार किलो वेगळा केलेला सुका कचरा आणून द्या आणि शेतकऱ्यांकडचा शिल्लक राहिलेला एक किलो भाजीपाला घेऊन जा. शहराचा कचरा कमी झाला, शेतकऱ्याचा माल उठला आणि गरीब वस्तीत भाजी पोहोचली. आपल्या बाजारात ढिगातून भाजी वेचणाऱ्या ज्या बाया आहेत, त्यांनाच कॅरेटपाशी उभे करून रोजगार द्यावा आणि निवडलेल्या मालातला हक्काचा वाटा द्यावा, असे मला वाटते. ढीग आणि त्यातले बरे-वाईट त्यांच्याइतके कोणाला कळते?

पैशाचा प्रश्न राहिला. बाजारात बसणारा प्रत्येक जण, मग त्याची पाटी असो की हातगाडी, दर बाजाराला पावती फाडतो. या वसुलीतून बाजारासाठी काय केले, हे बहुतेक ठिकाणी विक्रेत्यांना कोणी सांगत नाही. नगरपालिकेने बाजारकरातील ठराविक हिस्सा विक्रेत्यांच्या समितीकडे सोपवावा, बाजाराच्या कोपऱ्यात चार ढिगांपुरती पत्र्याच्या छपराची जागा आणि पाण्याचा नळ द्यावा. तयार खत रोपवाटिकांना आणि पालिकेच्या बागांना विकून येणारी रक्कम समितीकडेच राहावी. सुरुवातीला चार बाजार नुसता काटा लावून, किती माल कोणत्या कॅरेटमध्ये गेला ते वहीत लिहावे. ती वही पाहिल्याशिवाय सभागृहात कोणत्याही यंत्राच्या खरेदीचा ठराव येऊ नये, एवढी दक्षता आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाकडून मतदारांनी करून घ्यावी.