माहिती लिहिली नाही, की बोलणी वायरमनला

आमच्या वस्तीतला एक पोरगा आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड पूर्ण करून बीड बायपासकडच्या नव्या फ्लॅटांमध्ये कामाला जातो. मागे एका घरमालकाने त्याच्याकडून स्मार्ट स्विच बसवून घेतले. मोबाईलवरून दिवे-पंखे चालावेत, एवढीच मालकाची अपेक्षा. वायरिंग दिवसभरात झाले. पण स्विच काही केल्या वायफायला जोडला जाईना. सॉफ्टवेअरच्या माहितीच्या पानावर एवढेच लिहिले होते : सेटिंगमध्ये जा, डिव्हाईस जोडा. दोन दिवस गेले. शेवटी पुण्याहून एका ‘एक्स्पर्ट’ने फोनवर सांगितले की हा स्विच फक्त २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर चालतो आणि तुम्ही ५ गिगाहर्ट्‌झचे नाव टाकताय. पाच मिनिटांचे काम. पैसे एक्स्पर्टला, बोलणी पोराला.

पंधरा दिवसांनी लाईट गेली. परत आल्यावर राऊटरने स्विचला नवा पत्ता दिला आणि सॉफ्टवेअर जुन्याच पत्त्यावर त्याला शोधत बसले. मालक म्हणाला, “तुझी वायरिंगच खराब.” वायरिंगमध्ये काहीच दोष नव्हता. राऊटरमध्ये त्या स्विचचा पत्ता कायमचा राखून ठेवायचा असतो, ही एक ओळ त्या पानावर नव्हती.

प्रश्न असा आहे की ही ओळ का नव्हती? माझे उत्तर सरळ आहे. ज्याने पान लिहिले त्याला ती माहीत होती, म्हणून ती लिहिण्याची गरज त्याला वाटली नाही. जाणकाराने जाणकारासाठी लिहिले की बाहेरचा माणूस बाहेरच राहतो. त्यासाठी कोणाचा हेतू वाईट असावा लागत नाही.

काही साथी म्हणतील, ज्या शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांनी येते, तिथे स्मार्ट होम हा श्रीमंतांचा चोचला आहे. आपल्याला त्याचे काय? मला हे पटत नाही. घर श्रीमंताचे असेल, पण त्यात तार ओढणारा आपला आहे. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले की जात नुसते काम वाटत नाही, काम करणाऱ्या माणसांचीही उतरंड लावते. भिंत फोडणारा खाली आणि सेटिंग करणारा वर, ही नवी उतरंड आपल्या डोळ्यांदेखत रचली जाते आहे. राहिला पाण्याचा प्रश्न, तर टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारा स्विचही याच तंत्रज्ञानाचा आहे. रात्री-अपरात्री पाण्यासाठी उठणाऱ्या बाईला तो चोचला वाटणार नाही.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. ‘होम असिस्टंट’ हे २०१३ मध्ये सुरू झालेले मुक्त सॉफ्टवेअर आहे. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे ते एका जागी आणते. प्रत्येक जोडणीला तिथे ‘इंटिग्रेशन’ म्हणतात आणि प्रत्येकीचे माहितीचे पान असते. इंटिग्रेशनचा दर्जा ठरवायला ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशा पायऱ्या आहेत. ब्राँझसाठी ओळख, बसवण्याची आणि काढण्याची कृती लिहावी लागते. पण कोणती उपकरणे चालतात, मर्यादा कोणत्या आणि बिघाड झाला तर काय करायचे, हे लिहिण्याची अट येते थेट गोल्डला!

माझा आक्षेप इथेच आहे. ज्याला इंग्रजी येते, ज्याचा एखादा मित्र सॉफ्टवेअर कंपनीत आहे, त्याचे ही माहिती नसली तरी अडत नाही. अडते ते ज्याला विचारायला कोणी नाही त्याचे. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याची गोष्ट वरच्या पायरीवर. मर्यादा आणि दुरुस्ती या दोन गोष्टी ब्राँझलाच सक्तीच्या केल्या पाहिजेत.

सगळेच कशाला लिहायचे, पाने लांबतील, असे यावर म्हटले जाते. असाच आक्षेप संविधानाच्या मसुद्यावरही होता : प्रशासनाचे एवढे तपशील कशाला? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी त्याला उत्तर दिले. संविधान न बदलता, नुसती कारभाराची पद्धत बदलूनही त्याचा आत्मा मारता येतो. आणि संवैधानिक नीती आपल्या समाजात अजून रुजलेली नाही, म्हणून तपशील लिहून ठेवणेच शहाणपणाचे, असा त्यांचा युक्तिवाद होता. सॉफ्टवेअरचे पान म्हणजे संविधान नव्हे, हे मलाही कळते. पण धडा तोच आहे. न लिहिलेल्या नियमावर आतल्या माणसाचे भागते. बाहेरच्याला लिहिलेल्या ओळीचाच आधार असतो.

नुसती मागणी करून भागणार नाही. होम असिस्टंटच्या माहितीच्या पानांत कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो. ती गिटहबवर जाते, कोणीतरी तपासतो आणि योग्य असेल तर स्वीकारली जाते. अडचण दोन गोष्टींची आहे : पाने इंग्रजीत आहेत आणि गिटहब आपल्या पोरांना कोणी शिकवलेले नाही. १९५० मध्ये बाबासाहेबांनी या शहरात मिलिंद महाविद्यालय उभे केले, त्या नागसेनवनात आज संगणक शिकणारी मुले आहेत. त्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ आयटीआयच्या पोरांबरोबर बसावे. वायरमनने अडचण सांगावी, विद्यार्थ्याने ती मराठीत उतरवावी आणि मग इंग्रजीत दुरुस्ती पाठवावी. ती मराठी टिपणे आयटीआयच्या वर्गात लावावीत.

त्या पोराने आता एक वही केली आहे. पहिल्या पानावर २.४ गिगाहर्ट्‌झ, दुसऱ्यावर राऊटरमधला पत्ता राखून ठेवायची कृती. परवा दुसऱ्या एका वायरमनने त्या वहीचे फोटो काढून नेले. जगभरच्या माणसांनी लिहिलेल्या त्या पानात जे नव्हते, ते या वहीत आहे. ते तिथे पोचवणे आपले काम आहे.